तेलात उतरलेले पाणी : जुन्या ट्रकच्या एका दुखण्याचा आढावा

सकाळी इंजिन थंड असताना क्लीनर ऑइलची पट्टी उपसून पाहतो आणि तिच्या टोकाला नेहमीच्या काळ्या तेलाऐवजी दुधाच्या चहासारखा पिंगट थर आढळतो, तेव्हा मालकापुढे उभा राहणारा प्रश्न वरकरणी एकच भासला तरी वस्तुतः तो दोन प्रश्नांचा जोड असतो. तेलात रेडिएटरचे पाणी खरोखर मिसळले आहे काय, हा पहिला. आणि मिसळले असल्यास ते कोणत्या वाटेने आले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तेलाकडे पाहून मिळते, दुसऱ्याचे इंजिनाकडे पाहून. गॅरेजमधील मिस्त्री, इंजिन बांधणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आणि तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांच्यात या विषयावर जे मतभेद आहेत, त्यांचा बराच भाग या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे उद्भवलेला आहे, असे सर्व बाजू ऐकून घेतल्यावर वाटू लागते. प्रस्तुत लेखात आधी या दुखण्याची पार्श्वभूमी, मग पाणी शिरण्याच्या वाटा, त्यानंतर निदानाचे तीन प्रमुख पक्ष आणि अखेरीस अद्याप अनिर्णित राहिलेल्या गोष्टी, असा क्रम ठेवला आहे.

पार्श्वभूमी

डिझेल इंजिनात वंगणाचे तेल आणि थंडाव्याचे पाणी हे दोन प्रवाह एकाच ओतीव ठोकळ्यातून, काही ठिकाणी तर बोटभराहूनही कमी अंतराने, शेजारी शेजारी वाहत असतात. आणि त्यांना विभक्त ठेवण्याचा सारा भार हेड गॅसकेटचा पातळ पत्रा, लायनरच्या बुडाशी बसविलेली रबरी कडी, ऑइल कूलरच्या तलम भिंती आणि बिडाची स्वतःची अखंडता यांच्यावर असतो. नव्या इंजिनात ही सीमा निर्वेध असते. पंधरा-वीस वर्षे घाट चढलेल्या, एकदोनदा तापून उभ्या राहिलेल्या आणि किमान एकदा तरी हेड उतरवून पुन्हा बांधलेल्या इंजिनात मात्र तिचा कोणता भाग प्रथम ढासळेल, हे आगाऊ सांगता येत नाही.

आपल्याकडील जुन्या ट्रकची वंशावळ या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ मध्ये सुरू होऊन १९६९ पर्यंत चालले. त्या परंपरेत वाढलेल्या ६९२ आणि ६९७ या इंजिनांच्या क्रमांकातच त्यांची मापे दडलेली आहेत. पहिला अंक सहा सिलिंडरांचा, पुढील दोन अंक बोअरच्या मिलिमीटरांचे. म्हणून ९२ मिलिमीटर बोअरचे इंजिन ४,७८८ घनसेंटिमीटरांचे आणि ९७ मिलिमीटरांचे ५,६७५ घनसेंटिमीटरांचे. पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ मध्ये झाली, आणि जमशेदपूरला टाटा कमिन्सची १९९३ मध्ये. या निरनिराळ्या घराण्यांतील इंजिनांची अंतर्रचना एकसारखी नाही. कमिन्सच्या एनटी ८५५ या मोठ्या इंजिनात लायनर ओला, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला टेकलेला असतो. त्याच कंपनीच्या ५.९ लिटरच्या बी-मालिकेतील इंजिनात लायनरच नसतो, बोअर ठोकळ्यातच कोरलेला असतो. ज्या इंजिनात ओला लायनर नाही त्याच्या बाबतीत लायनरच्या कडीवर संशय घेणे व्यर्थ होय, आणि तरीही असा संशय घेऊन चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे पात्र, उतरविल्याची उदाहरणे गॅरेजांत ऐकू येतात.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट रेडिएटरमध्ये काय भरले जाते ही होय. हे ट्रक रस्त्यावर आले तेव्हा विहिरीचे, नळाचे किंवा वाटेवरील ओढ्याचे पाणी हाच सर्वमान्य शीतक होता. पुढे एथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक क्षार यांचे रंगीत मिश्रण, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘कूलंट’ म्हणतात ते, प्रचारात आले. परंतु जुन्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये पुष्कळदा दोहोंचे अनिश्चित प्रमाणातील मिश्रण असते, आणि उन्हाळ्यात प्रत्येक घाटमाथ्यावर पडणाऱ्या कॅनभर पाण्याने ते अधिकाधिक पातळ होत जाते. निदानाच्या पुढील सर्व चर्चेवर या एका वस्तुस्थितीची छाया पडलेली आहे.

तेलाची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याची परंपराही जुनी आहे. पदार्थातील पाणी ऊर्ध्वपातनाने मोजण्याची डीन आणि स्टार्क यांची रीत १९२० ची, कार्ल फिशर यांची अनुमापनाची रीत १९३५ ची. आणि वापरलेल्या तेलातील धातूंचे वर्णपटावरून मापन करून इंजिनाचे आरोग्य जोखण्याचा उपक्रम अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६ च्या सुमारास आपल्या डिझेल इंजिनांसाठी सुरू केला. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये रुजलेली ही विद्या नंतर लष्कराकडे, खाणींकडे आणि मग मालवाहतुकीकडे आली. तिचे संस्कार मात्र अशा व्यवस्थेत झालेले आहेत, की जेथे प्रत्येक इंजिनाची नोंदवही असते आणि पाणी-तेल कोणी, केव्हा व किती घातले याचा हिशेब लागतो.

पाणी शिरण्याच्या वाटा

सर्वांत प्रसिद्ध वाट हेड गॅसकेटची. इंजिन तापले, हेड किंचित वाकले, बोल्टांचा ताण उतरला, की पाण्याच्या छिद्राशेजारचा पत्रा जळतो किंवा कुजतो आणि पाणी तेलाच्या वाटेत अथवा सिलिंडरात उतरते. हेडला दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या अरुंद पुलावर तडा जाणे, हा तिचाच सख्खा भाऊ. नोजलभोवतीची तांब्याची स्लीव्ह ज्या इंजिनांत पाण्याला टेकलेली असते, तेथे ती सैल झाल्यासही पाणी आत येते.

ओल्या लायनरच्या इंजिनांत आणखी दोन वाटा संभवतात. बुडाच्या रबरी कड्या उष्णतेने टणक होतात, हे उघड कारण. कमी परिचित असलेले दुसरे कारण म्हणजे पोकळनाचा मारा. पिस्टन बाजू बदलताना लायनरवर आदळतो, लायनर घंटेसारखा कंप पावतो, त्या कंपाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि ते लायनरच्या पृष्ठभागावरच फुटतात. अशा बुडबुड्याच्या मिटण्याने केवढा दाब उत्पन्न होऊ शकतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्येच मांडले होते. हजारो तासांच्या माऱ्याने लायनरच्या बाहेरील अंगावर, बहुधा पिस्टनचा रेटा ज्या बाजूला अधिक त्या बाजूला, सुईच्या टोकाएवढी छिद्रे ओळीने पडतात आणि त्यांतले एखादे आरपार जाते. कूलंटमधील नायट्राइटसारखे क्षार पृष्ठभागावर संरक्षक थर धरून हा मारा बराच सोसतात. नुसत्या पाण्याला ते सामर्थ्य नाही.

ऑइल कूलरची वाट विशेष फसवी आहे, कारण तिच्यात दाबाची दिशा बदलते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण तीन ते पाच किलो आणि पाण्याचा जेमतेम अर्धा ते एक किलो असतो. म्हणून कूलरला छिद्र पडले तर चालत्या इंजिनात तेल पाण्यात जाते आणि रेडिएटरच्या तोंडाशी काळपट साय जमते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब शून्यावर येतो, तापलेल्या पाण्याचा दाब मात्र काही वेळ टिकतो, आणि मग प्रवाह उलट फिरून पाणी तेलात उतरू लागते. पाण्यात तेल आणि तेलात पाणी अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर जाणकार प्रथम कूलरकडे बोट दाखवितात ते याच कारणाने.

एअर-ब्रेकच्या ट्रकमध्ये कंप्रेसर ही आणखी एक वाट असते, आणि तिची आठवण पुष्कळदा सर्वांत शेवटी होते. कंप्रेसरच्या हेडला इंजिनाचेच पाणी थंडावा देते आणि त्याच्या वंगणाचे तेल इंजिनाच्याच चेंबरमध्ये परतते. त्यामुळे त्या लहानशा हेडची गॅसकेट फुटली तर पाणी कंप्रेसरच्या सिलिंडरात शिरून तेलाच्या परतीच्या वाटेने चेंबरपर्यंत पोहोचू शकते. शिवाय तीच गॅसकेट दाबाची हवा पाण्यात सोडते, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, आणि हेड गॅसकेटचे म्हणून प्रसिद्ध असलेले लक्षण हेड निर्दोष असतानाही हुबेहूब दिसते.

पहिला पक्ष : डोळा आणि हात

गॅरेजची परंपरा इंद्रियांच्या साक्षीवर उभी आहे, आणि ती साक्ष सरसकट अग्राह्य मानण्याचे कारण नाही. या परंपरेतील सर्वांत भरवशाची चाचणी पुणे–सातारा रस्त्यावरील एका गॅरेजात जवळून पाहता आली. ट्रक रात्रभर सपाट जागी थंड ठेवला होता. सकाळी इंजिनाला स्टार्टर न लावता मिस्त्री पाना घेऊन खाली सरकला, चेंबरचा बोल्ट त्याने पूर्ण न काढता आट्याआट्याने सैल केला आणि धारेखाली स्वच्छ काचेची बरणी धरली. आरंभी काही क्षण काहीच आले नाही. मग हिरवट छटेचे, जवळजवळ नितळ पाणी थेंबाथेंबाने उतरले, दीड-दोन कपांएवढे साठले, आणि त्यानंतर एकाएकी धार काळी झाली. त्याने बोल्ट आवळला व बरणी उजेडात धरून पाण्याची उंची बोटाने दाखविली. तेलाहून पाणी जड, ते रात्रभरात तळाशी बसते, हे शाळेत शिकलेले तत्त्वच तेथे कामास आले होते.

या चाचणीचा होकार निर्णायक असतो. नकार मात्र तसा नसतो, आणि येथूनच मतभेदास आरंभ होतो. दिवसाला चारशे किलोमीटर धावणाऱ्या ट्रकचे तेल शंभर अंशांच्या आसपास तापते, त्यात उतरलेले थोडेथोडके पाणी वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जाते, आणि पट्टीवरचे तेल काळेभोरच राहते. उलटपक्षी, पावसाळ्यात आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या आणि मधूनच दोन किलोमीटर फिरणाऱ्या ट्रकच्या तेल भरण्याच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळा थर जमतो, तो केवळ हवेतील बाष्पाचा असतो. इंजिन दीर्घकाळ तापवून चालविले की नाहीसा होतो. दुधाळपणा हे पाण्याचे लक्षण खरे, परंतु ते पाणी रेडिएटरचेच आहे याचा तो दाखला नव्हे.

तेलाची पातळी वाढणे या दुसऱ्या प्रसिद्ध लक्षणाचीही हीच अवस्था आहे. फुटलेली नोजल किंवा गळणारा पंप डिझेल चेंबरमध्ये सोडतो, आणि पातळी तेव्हाही वाढते. भेद असा, की डिझेलाने तेल पातळ होते, तर शीतकाने ते बहुधा घट्ट आणि चिकट होते. हा भेद अनुभवी बोटांना जाणवतो, नवख्यांना नाही.

तापल्या तव्यावर थेंब टाकून चुर्र आवाज येतो का हे ऐकणे, ही चाचणी गॅरेज आणि प्रयोगशाळा यांच्या सीमेवर उभी आहे. सुमारे १६० अंशांच्या पृष्ठभागावर हजारात एक भाग किंवा त्याहून थोडे कमी पाणीही बुडबुड्यांनी व तडतडीने प्रकट होते. पण तवा किती तापला आहे यावर सारा निकाल अवलंबून असतो, आणि थेंब डोळ्यांत उडण्याचा धोका असल्याने चष्म्याविना ती करू नये. साध्या टीपकागदावर तेलाचा ठिपका टाकून रात्रभर वाळविण्याची रीत अधिक निरुपद्रवी आहे. निरोगी तेलाचा ठिपका मध्यापासून कडेपर्यंत फिका होत पसरतो. ग्लायकॉल मिसळलेल्या तेलात काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये निकामी होतात, काजळी मध्येच गोळा होते आणि काळ्या डांबरी केंद्राभोवती तीक्ष्ण कड उमटते. तथापि मुदत टळून गेलेले, काजळीने भरलेले तेलही असाच ठिपका देते, हे विसरता कामा नये. तेल चाटून गोडवा पाहण्याची जुनी खोड मात्र कायमची सोडावी. ग्लायकॉल गोड असते हे खरे, आणि ते विषारी असते हेही तितकेच खरे.

दुसरा पक्ष : प्रयोगशाळा

प्रयोगशाळेचा पक्ष थोडक्यात असा, की इंद्रियांना जे जाणवते ते दुखणे पुष्कळ पुढे गेल्यावरच. दोष प्रारंभीच पकडावयाचा तर आकडे पाहिले पाहिजेत. हा पक्ष तीन गोष्टी मोजतो : पाणी, ग्लायकॉल आणि धातू. तिन्हींबाबत त्या शास्त्राच्या अभ्यासकांतच मतभेद आहेत.

पाण्यासाठी कार्ल फिशरची रीत सर्वाधिक सूक्ष्म मानली जाते. परंतु इंजिन तेलातील गंधकयुक्त पूरके तिच्यातील आयोडिनाशी स्वतःच प्रक्रिया करतात आणि आकडा फुगवितात. नमुना वेगळ्या भट्टीत तापवून केवळ त्याची वाफ कोरड्या वायूबरोबर मापकात नेणे, हा त्यावरील उपाय. तो सगळीकडे केला जातोच असे नाही. शिवाय पाणी हा सर्वांत पळपुटा साक्षीदार आहे, कारण नमुना घाट उतरून आलेल्या ट्रकचा घेतला की सकाळी उभ्या ट्रकचा, यावर त्याची हजेरी अवलंबून असते.

ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते, म्हणून ते तेलातून सहजी उडून जात नाही, ही त्याची बाजू. ते ओळखण्याची शीघ्र चाचणी शिफ यांच्या १८६६ मधील अभिकर्मकावर आधारलेली आहे : ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण करून त्याचे फॉर्माल्डिहाइड बनवावयाचे आणि जांभळट रंग येतो का पाहावयाचे. ती स्वस्त आहे. मात्र काही तेलांतील अन्य घटकही तोच रंग दाखवितात, म्हणून वादाच्या प्रसंगी वायुवर्णलेखनाने पडताळा घ्यावा असा संकेत आहे. परंतु ग्लायकॉल तापलेल्या तेलात चिरंजीव नसते. त्याचे ग्लायकॉलिक, फॉर्मिक इत्यादी आम्लांत रूपांतर होते आणि ती आम्ले बेअरिंगच्या शिसे-तांब्यावर चालून जातात. म्हणून एक पक्ष म्हणतो, की ग्लायकॉल न सापडणे ही निर्दोषतेची ग्वाही नव्हे. दुसरा म्हणतो, की ते सापडल्याशिवाय इंजिन उघडण्याइतका पुरावा झाला असे मानता येत नाही.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी धातूंची साक्ष पुढे येते. कूलंटमधील गंजरोधक क्षारांचा सोडियम किंवा पोटॅशियम पाण्याबरोबर उडून जात नाही आणि ग्लायकॉलबरोबर विघटितही होत नाही. तो तेलात साचत राहतो. दोन्ही धातू एकत्र, कूलंटमधील त्यांच्या प्रमाणात वाढले, तर संशय दृढ होतो. पण येथेही अपवाद आहेत. सोडियम काही तेलांच्या पूरकांत असतो आणि किनाऱ्यावरील खाऱ्या हवेतूनही येऊ शकतो. पोटॅशियम नव्या अॅल्युमिनियम कूलरच्या झाळकामातील क्षारांतून सुटतो. सिलिकॉन कूलंटमधून येतो तसा रस्त्यावरच्या धुळीतूनही येतो. आणि तांबे नव्या ऑइल कूलरच्या नळ्यांतून, कोणतीही गळती नसताना, बराच काळ झिरपत राहते.

आपल्या परिस्थितीत एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. चेंबरमध्ये वीस लिटर, म्हणजे साडेसतरा किलोंच्या आसपास तेल आहे आणि त्यात शंभर मिलिलिटर शीतक उतरला, असे धरू. त्या शीतकात लिटरमागे चार ग्रॅम सोडियम असेल, तर तेलात दर दशलक्ष भागांत सुमारे २३ भागांची वाढ होईल आणि ती अहवालात स्पष्ट दिसेल. परंतु रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे पाणी असून त्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच सोडियम असेल, तर तीच गळती अर्ध्या भागाची वाढ दाखवील, म्हणजे व्यवहारात काहीच दाखविणार नाही. विहिरीच्या पाण्यात विपुल असलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाहावे, तर तेच धातू इंजिन तेलाच्या पूरकांत हजारांनी भरलेले असतात आणि त्यांत ही भर लुप्त होते. ज्याच्या रेडिएटरमध्ये चांगला कूलंट आहे त्याच्यासाठी सिद्ध झालेले शास्त्र, ज्याच्या रेडिएटरमध्ये पाणी आहे त्याच्यापुढे असे निरुत्तर होते.

तिसरा पक्ष : दाबाची चाचणी

तेलात शीतक आहे हे एकदा ठरले, की वाट शोधण्याचे काम तेलाकडून काढून इंजिनाकडे द्यावे लागते, असे तिसरा पक्ष मानतो. त्याचे मुख्य साधन म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून शीतनव्यवस्थेत इंजिनाला मानवेल तेवढा, साधारण एक किलोपर्यंत दाब धरणे आणि चेंबर उतरवून खालून पाहत राहणे. लायनरच्या बुडाशी थेंब दिसला तर कडी किंवा छिद्र. वरून सिलिंडरच्या आतल्या अंगाने ओघळ आला तर गॅसकेट, हेड किंवा नोजलची स्लीव्ह. पुढल्या बाजूने आला तर टायमिंग कव्हर. कंप्रेसरच्या परतीच्या छिद्रातून आला तर कंप्रेसर. ऑइल कूलर सोडवून त्याची तोंडे बंद करून, हवा भरून, गरम पाण्याच्या टाकीत बुडवून पाहता येतो. आणि कंप्रेसरच्या पाण्याच्या नळ्या तात्पुरत्या एकमेकींना जोडून त्याला व्यवस्थेतून वगळले, की बुडबुडे त्याचे होते की हेडचे याचा उलगडा होतो.

या पक्षातील अंतर्गत वाद थंड आणि गरम चाचणीचा आहे. एका मतानुसार थंड इंजिनावर रात्रभर दाब धरणे श्रेयस्कर, कारण रबरी कड्या व गॅसकेट थंडीत आक्रसतात आणि गळती उघडी पडते. दुसऱ्या मतानुसार हेडचा बारीक तडा तापल्यावरच उघडतो, म्हणून थंड चाचणीत निर्दोष ठरलेले हेड घाटात पुन्हा पाणी खाते. दोन्ही मतांना अनुभवाचा आधार आहे. ती परस्परविरोधी नसून निरनिराळ्या दोषांविषयी बोलत आहेत, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. रेडिएटरमधील वायूत ज्वलनाचा कर्बवायू आहे का, हे निळ्या द्रवाचा रंग बदलतो का यावरून पाहण्याची चाचणीही अशीच मर्यादित आहे. डिझेल इंजिन बिनभाराचे फिरत असताना त्याच्या धुरात हवाच अधिक आणि कर्बवायू थोडा असतो, त्यामुळे भार दिल्याशिवाय तिचा नकार विश्वसनीय नाही.

एकवाक्यता आणि अनिर्णित बाबी

तिन्ही पक्ष समोरासमोर मांडले असता काही बाबींत एकवाक्यता दिसते. एका लक्षणावरून इंजिन उघडू नये. स्वस्त आणि पूर्ववत करता येण्याजोग्या चाचण्या आधी, चेंबर व हेड उतरविणे नंतर. आणि तेलातील ग्लायकॉल हे नुसत्या पाण्याहून अधिक घातक असल्याने ते सिद्ध झाल्यावर ‘पुढल्या ट्रिपनंतर पाहू’ ही तहकुबी परवडणारी नाही.

अनिर्णित बाबी मात्र अनेक आहेत. पहिली मर्यादेची. पाण्यासाठी शेकडा ०.२ च्या आसपासची मर्यादा बरेच जण स्वीकारतात, ग्लायकॉलसाठी कोणतेही प्रमाण अमान्य असे अनेक अभियंते म्हणतात. परंतु जे जुने इंजिन तेल जाळते आणि ज्यात दर आठवड्याला लिटर-दोन लिटर नवे तेल पडते, त्यातील दोषदर्शक धातू सतत विरळ होत असतात, आणि त्यासाठी आकडा कसा दुरुस्त करावा यावर सर्वमान्य सूत्र नाही. पूर्वीचे अहवालच नसल्यामुळे ‘आकडा नव्हे, आकड्याचा कल पाहा’ हा प्रयोगशाळेचा उत्तम सल्लाही पहिल्याच तपासणीत निरुपयोगी ठरतो.

दुसरी बाब दुरुस्तीनंतरच्या धुण्याची. काही जण तेल काढून थोडा वेळ हलके तेल फिरविणे पुरेसे समजतात, काही ब्युटिल सेलोसॉल्व्हसारख्या द्रावकाचा आग्रह धरतात, कारण ग्लायकॉलने बनलेला चिकट थर साध्या तेलाने सुटत नाही. काहींच्या मते बेअरिंग उघडून पाहिल्याखेरीज कोणतेही धुणे हे समाधान मात्र होय. तिसरी बाब गळती बुजविणाऱ्या चूर्णांची आणि द्रवांची. त्यांचे समर्थक पदरी लांबचा प्रवास असताना मिळणाऱ्या उसंतीचा दाखला देतात. विरोधक रेडिएटरच्या आणि कूलरच्या चोंदलेल्या नळ्या दाखवितात. चौथी बाब खर्चाची. ज्या ट्रकचे बाजारमूल्य इंजिनाच्या पुरत्या बांधणीहून फारसे अधिक नाही, त्याच्या मालकाला निदानाचा कोणता टप्पा परवडतो, हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला तरी गॅरेजच्या ओट्यावर तोच अग्रक्रमाने निघतो.

या सर्व वादांत एक साक्षीदार मात्र क्वचितच बोलावला जातो, आणि तो म्हणजे रेडिएटरमध्ये रोज घातलेल्या पाण्याचा हिशेब. तेलात उतरलेला शीतक रेडिएटरमधून कमी झालेल्या शीतकाहून अधिक असूच शकत नाही. म्हणून हा आकडा गळतीची कमाल मर्यादा ठरवितो, जी तेलाचा कोणताही अहवाल ठरवू शकत नाही. पाणी मुळीच कमी होत नसेल आणि झाकणाखाली पिवळे लोणी असेल, तर दोष हवेतील बाष्पाचा. पाणी रोज अर्धा लिटर जात असून जमिनीवर थेंब नसेल आणि पट्टी काळीच असेल, तर ते वाफ होऊन ब्रीदरवाटे अथवा जळून धुराड्यावाटे जात आहे असे मानून शोध सुरू करावा. आणि पाण्याचा खप इंजिन बंद ठेवलेल्या रात्रीच वाढत असेल, तर कूलरचा संशय आधी घ्यावा. विहिरीचे पाणी भरलेल्या ज्या रेडिएटरपुढे सोडियम निरुत्तर होतो, तेथेही ही रोजकीर्द बोलते. तिला लागते ती केबिनमधील एक वही, मापाची खूण असलेला एक कॅन आणि सकाळी इंजिनाला हात लावण्यापूर्वीची पाच मिनिटे : तारीख, किलोमीटर, पाणी किती घातले, तेलाची पट्टी कोठवर. अशी महिनाभराची पाने सोबत असली, तर बरणीतले पाणी, कागदावरचा ठिपका आणि अहवालातले आकडे हे तिन्ही वाचण्यास कोठून आरंभ करावा, हे मिस्त्रीला आणि रसायनशास्त्रज्ञाला सारखेच कळते.